वाड्यातल्या अंजिराच्या काड्या: वाटण्याआधीची तपासणी आणि नंतरचं सगळं (एक प्रकरण)

पार्श्वभूमी

पुण्याच्या एका जुन्या पेठेतला वाडा रिडेव्हलपमेंटला गेला तेव्हाचं हे प्रकरण आहे. नावं, पेठ, साल काहीच देत नाहीये, कारण यातली माणसं अजून एकमेकांना भेटतात आणि त्यांच्यातला एक वाद पुरता मिटलेला नाही. वाड्याच्या मागच्या अंगणात, विहिरीच्या कठड्याला लागून एक अंजिराचं झाड होतं. वाड्यातल्या आजी लग्न होऊन आल्या तेव्हाही ते तिथेच उभं होतं असं त्या सांगतात, म्हणजे चांगलंच जुनं.

आता पुण्याच्या माणसाला अंजिराचं नवल नाही. दिवे घाट चढला की पुरंदर तालुका, तिथे दिवे, सोनोरी, गुऱ्होळी, राजेवाडी हा सगळा अंजिराचा पट्टा, आणि पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये जीआय मानांकनही मिळालंय. तिथे मुख्य जात पुना अंजीर, मध्यम फळ, खाली रुंद वर निमुळतं, साल फिकट जांभळी आणि आत लालसर गर. वाड्यातलं फळ मात्र वेगळं होतं. बसकं, पिकून मऊ झालं तरी साल हिरवटच राहायची आणि आतून एकदम गडद लाल. चव मधासारखी नाही, थोडी आंबूस गोड. ही कुठली जात, कोणी आणली, आजींनाही माहीत नव्हतं, त्यांच्या सासऱ्यांनी लावलं एवढंच.

ज्यांनी या झाडाच्या काड्या, म्हणजे लावून नवीन रोप करायला कापलेले फांदीचे तुकडे, मागितल्या तो हौशी लोकांचा एक गट आहे, बहुतेक सगळे टेरेसवर नाहीतर बाल्कनीत कुंड्यांत अंजीर लावणारे. पुण्यातले जास्त, पण नाशिक, ठाणे, रत्नागिरी इथलेही. यांच्यात आधीपासून काड्यांची देवाणघेवाण चालायची, दिनकर, डायना, ब्राउन टर्की अशा जातींपैकी जे ज्याच्याकडे असेल ते. पैसे घ्यायचे नाहीत, फक्त कुरिअरचा खर्च मागणाऱ्याने द्यायचा, हा एकच ठरलेला नियम. बाकी काही लिहिलेलं नव्हतं आणि आजवर त्याची गरजही पडली नव्हती. मी या गटात आहे, या प्रकरणात माझ्याकडे मुख्यतः नोंदी ठेवायचं काम आलं.

अडचण काय होती

मे संपता संपता कळलं की वाडा दिवाळीनंतर बिल्डरच्या ताब्यात जाणार आणि झाड जाणार. शहरात झाड तोडायला 1975 च्या महाराष्ट्रातल्या झाडांच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, तो अर्ज बिल्डरने केलेला होता, म्हणजे हे गुपचूप चाललेलं नव्हतं. आजींची एकच इच्छा होती, झाड जाऊदे पण त्याची पोरं कुठेतरी राहूदेत. त्यांनी सांगितलं, "तुम्हाला हव्या तेवढ्या काड्या घ्या, फक्त एक रोप मला परत आणून द्या."

बातमी फिरली आणि दोन दिवसांत "मला दोन ठेवा", "मला चार" अशी रांग लागली. झाडावर चांगल्या जाडीच्या काड्या होत्या त्यापेक्षा मागणी जास्त झाली. जूनच्या सुरुवातीला आमच्यातले तिघं जाऊन झाड नीट बघून आले आणि तिथून पुढे विषय नुसता वाटपाचा राहिला नाही.

पहिली गोष्ट पानं. एका बाजूच्या फांद्यांवर पानांवर पिवळट हिरवे चट्टे होते, कडा नसलेले, कुठेही कसेही पसरलेले, काही पानं एका अंगाने खुरटून वाकडी झालेली. एकजण म्हणाला तांबेरा असेल. पण तांबेरा पानाच्या खालच्या बाजूला तपकिरी भुकटीसारखा येतो, बोटाला लागतो, आणि त्याचा जोर पावसाळ्यात. इथे पान उलटलं तर खाली स्वच्छ. नत्र कमी पडलं म्हणावं तर पूर्ण पान सारखं फिकट व्हायला हवं होतं. हे मोझॅकसारखं दिसत होतं. अंजिराचा मोझॅक 1933 पासून शास्त्रीय लिखाणात नोंदलेला आहे, आणि जगभर जिथे जिथे अंजीर लावतात तिथे तो सर्रास सापडतो. विषाणू आहे, औषध नाही. डोळ्यांना दिसणार नाही इतक्या बारीक कोळीमुळे एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, आणि मुख्य म्हणजे काडीतून जातो. आजारी झाडाची काडी लावली की रोप जन्मतःच आजारी.

दुसरी गोष्ट मुळं. बुंध्याजवळची थोडी माती उकरून बारीक मुळ्या काढल्या तर त्यांना गाठी. सूत्रकृमी, म्हणजे मातीत राहून मुळांत शिरणारे अगदी बारीक कृमी. अंजिराला हा त्रास नेहमीचा आहे, आणि पेठेतल्या त्या ओलसर अंगणात, जिथे वर्षानुवर्षं मोरीचं पाणी झाडाला जात होतं, तिथे असणं आश्चर्याचं नव्हतं.

तिसरी गोष्ट वेळ. अंजिराची काडी घ्यायची तर पिकलेल्या लाकडाची घ्यावी, इकडे मीठ्या बहाराची (उन्हाळी फळांच्या हंगामाची) छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरला होते तेव्हा ती आपसूक मिळते. जूनमध्ये झाड पानांनी भरलेलं, शेंड्याकडचं लाकूड कोवळं.

समोर असलेले पर्याय

चार पर्याय बोलले गेले.

एक, आत्ताच सगळं छाटून सगळ्यांना पाठवून द्यायचं. उत्साह यालाच होता. पण कोवळ्या काड्या पावसाळ्यात कुजतात, आणि चट्ट्यांचं काय ते कळायच्या आत झाड आठ-दहा गावी पोचलं असतं.

दोन, छाटणीच्या वेळेपर्यंत थांबायचं. लाकूड पिकलेलं मिळेल, दोन-तीन महिने पानं बघायला मिळतील. धोका एकच, बिल्डर आधी आला तर हातात काहीच नाही.

तीन, बुंध्यातून आलेले फुटवे मुळासकट काढून द्यायचे. हे शेजारचे काका वर्षानुवर्षं करत होते, मागेल त्याला मातीच्या गोळ्यासकट फुटवा. सगळ्यात सोपं, आणि रोप मरत नाही.

चार, गुटी बांधायची, म्हणजे फांदी झाडावर असतानाच थोडी साल काढून, ओलं शेवाळ गुंडाळून तिला मुळं फुटवायची आणि मग कापायची. पावसाळा गुटीला उत्तम. एका फांदीवर दोन-तीनच होतात, त्यामुळे संख्या कमी.

पूर्ण झाड उचलून दुसरीकडे लावायचाही विषय निघाला होता, पण विहिरीच्या दगडात मुळं गेलेली, तो तिथेच संपला.

निर्णयाचे टप्पे

इथे मला जरा थांबून लिहायचंय, कारण पुढचं सगळं या तीन निर्णयांवर गेलं.

पहिला निर्णय फुटव्यांचा, आणि वाद इथेच झाला. सूत्रकृमी मातीत आणि मुळांत असतात. मुळासकट फुटवा दिला की ते दुसऱ्याच्या कुंडीत, तिथून गच्चीतल्या टोमॅटो-वांग्यात जाणार, कारण गाठी करणाऱ्या सूत्रकृमीला अंजीरच लागतं असं नाही. नुसत्या काडीला मूळ नाही, माती नाही, त्यामुळे ती या बाबतीत सुरक्षित. गुटीचंही तसंच, मुळं फुटतात ती शेवाळात, जमिनीपासून चार फूट वर, मातीचा संबंध येतच नाही. म्हणून ठरलं की फुटवे कोणालाही द्यायचे नाहीत.

काकांना ते लागलं. म्हणाले, "मी आजवर एवढ्या लोकांना दिलेत, सगळ्यांचे जगलेत. आता तुम्ही मला शिकवणार?" आमच्यातल्या ताईंनी त्यांना उकरलेली मुळी हातात देऊन दाखवली, "काका, झाड जगतं हो, पण ह्या गाठी पण त्याच्याबरोबर जगतात." काकांनी मुळी बघितली, काही बोलले नाहीत, पण त्यानंतर ते आमच्याशी तुटकच वागले. मला वाटतं निर्णय शंभर टक्के बरोबर होता आणि तो सांगायची पद्धत मात्र आणखी चांगली करता आली असती. ज्या माणसाने इतकी वर्षं ते झाड फुकट वाटलं त्याला आधी घरी जाऊन, एकट्याला सांगायला हवं होतं, अंगणात सात जणांसमोर नाही.

दुसरा निर्णय चट्ट्यांचा. काहीजणांचं म्हणणं, चट्टे नसलेल्या फांद्यांच्या काड्या घेऊ, प्रश्न मिटला. तो मिटत नाही. विषाणू झाडभर असू शकतो आणि लक्षणं काही फांद्यांवरच दिसतात, उन्हाळ्यात दिसतात आणि नंतरच्या पानांवर गायब होतात. चट्टे नसलेली फांदी घेणं चांगलंच, पण ती हमी नाही. खात्री करायची तर प्रयोगशाळेत पीसीआर चाचणी लागते, ती हौशी माणसाच्या हातातली गोष्ट नव्हती. दुसऱ्या टोकाला एक मत होतं की मग काहीच घेऊ नका, झाड जाऊदे. हेही पटण्यासारखं नव्हतं, कारण मोझॅक असलेली कितीतरी झाडं खतपाणी नीट मिळालं तर वर्षानुवर्षं फळं देतात, हे झाड स्वतः त्याचा पुरावा होतं.

मग मधला मार्ग असा निघाला. काड्या घ्यायच्या, पण घेणाऱ्या प्रत्येकाला लेखी कळवायचं की मूळ झाडाच्या पानांवर मोझॅकसारखी लक्षणं आहेत. ज्यांच्याकडे आधीच अंजिराची झाडं आहेत त्यांनी हे रोप निदान एक हंगाम वेगळं, लांब ठेवायचं, नवीन फुटीची पानं बघायची आणि फोटो काढायचे. ज्याला हे जमत नसेल त्याने नाव काढून घ्यायचं. हे सांगितल्यावर जवळजवळ निम्मी रांग स्वतःहून कमी झाली, आणि वाटपाचा जो प्रश्न सगळ्यात अवघड वाटत होता तो तिथेच सुटला.

तिसरा निर्णय एका माणसाबद्दल होता. गटातल्या एकाला दोन रोपं हवी होती, पुरंदरला मामाच्या बागेच्या बांधावर लावायला. मुलगा मनापासून झाडं सांभाळणारा, त्याच्याकडे दिलेली काडी कधी वाया गेली नाही. तरी त्याला नाही म्हटलं. टेरेसवर एक कुंडी आजारी निघाली तर कुंडी जाते. बांधावरचं रोप आजारी निघालं आणि कोळी तिथून बागेत गेले तर ज्याच्या घराचं वर्ष त्या अंजिरावर चालतं त्याचं नुकसान, आणि शेजारच्या बागांचंही. तो म्हणाला, "पुरंदरला काय मोझॅक नसेल का?" असेलही, पण म्हणून आपण आणखी नेऊन टाकायचा का. त्याला वाईट वाटलं आणि मला ते समजतं, तरी या पूर्ण प्रकरणातला सगळ्यात योग्य निर्णय मी यालाच म्हणेन.

याच काळात एकाने सुचवलं की अमेरिकेतला भाऊ येतोय, तो बॅगेतून कॅलिफोर्नियाच्या चांगल्या काड्या आणेल, या आजारी झाडाच्या मागे कशाला लागायचं. यावर चर्चा फार झाली नाही. 2003 च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे परदेशातून काड्या आणायला आधी आयात परवाना आणि तिकडचं फायटोसॅनिटरी (रोग-कीड नसल्याचं) प्रमाणपत्र लागतं, आल्यावर तपासणी होते. बॅगेतून आणणं हा गुन्हा आहे आणि आम्ही ज्या कारणासाठी पुरंदरला रोप दिलं नाही त्याच कारणासाठी तो कायदा आहे. शिवाय जात न बघता आणली तर उपयोगही नाही, स्मिर्ना गटातल्या अंजिराला परागीभवनासाठी एक विशिष्ट बारीक माशी असावी लागते, नाहीतर फळं पिकायच्या आधीच गळतात. कॅलिफोर्नियात लोकांनी ती झाडं आधी लावली आणि 1899 मध्ये माशी आणून रुजवली तेव्हा कुठे पीक हातात आलं. आपल्याकडची नेहमीची अंजिरं परागीभवनाशिवाय धरतात म्हणून आपल्याला हे जाणवत नाही.

प्रत्यक्षात काय केलं

ठरलं होतं ते असं: जूनमध्ये थोड्या गुट्या, आणि मुख्य काड्या ऑक्टोबरला.

जून अखेरीला, दोन-चार चांगले पाऊस झाल्यावर, चट्टे नसलेल्या बाजूच्या पेन्सिलपेक्षा जराशा जाड, मागच्या वर्षीच्या फांद्यांवर गुट्या बांधल्या. इंचभर साल गोल काढली, चीक पुसून घेतला, आयबीएची (मुळं फुटायला मदत करणाऱ्या संप्रेरकाची) पावडर लावली, भिजवून घट्ट पिळलेलं स्फॅग्नम मॉस आणि वरून पारदर्शक प्लास्टिक, दोन्ही टोकं सुतळीने आवळून. हातमोजे सगळ्यांनी घातले होते. अंजिराचा चीक अंगावर राहिला आणि ऊन लागलं तर कातडी भाजल्यासारखी होते, हे नवीन लोकांना माहीत नसतं.

ऑगस्टमध्ये, श्रावणात, आजींचा फोन आला की बिल्डर दिवाळीची वाट बघणार नाही, पंधरा दिवसांत मागची बाजू रिकामी करायची आहे. ऑक्टोबरचा बेत गेला. पण गुट्यांच्या प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसायला लागली होती, त्या लगेच खालून कापून कोकोपीट आणि पर्लाइटच्या छोट्या पिशव्यांत लावल्या आणि सावलीत ठेवल्या. काड्याही त्याच दिवशी घेतल्या, दुसरा इलाज नव्हता. त्यातल्या त्यात तपकिरी झालेलं लाकूड निवडलं, वीतभर लांबी, तीन-चार डोळे, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि वरचा तिरका. पानं देठ ठेवून कापली, चीक थांबेपर्यंत पाण्यात धरल्या, वरच्या कापावर मेणबत्तीचं मेण.

पॅकिंग नाशिकच्या ताईंनी शिकवलं तसं: वर्तमानपत्र ओलं करून पूर्ण पिळायचं, हाताला गार लागलं पाहिजे पण पाणी सुटता कामा नये, त्यात गुंडाळून झिपलॉक पिशवी. कुरिअर सोमवारी द्यायचं म्हणजे रविवारच्या सुट्टीत गोदामात पडून राहत नाही. लेबलवर जात लिहायची नाही असं ठरलं. "पुना" लिहायचा मोह होता, पण फळ पुन्यासारखं नव्हतं, आणि एकदा चुकीचं नाव चिकटलं की दहा वर्षांनी कोणालाच ते सोडवता येत नाही. नाव "वाडा-विहीर", घेतल्याची तारीख, कुठल्या बाजूची फांदी, आणि "मूळ झाडावर चट्टे" ही ओळ. कोल्ड्रिंकच्या कॅनच्या पत्र्याच्या पट्टीवर बॉलपेनने दाबून लिहिलं, कारण मार्कर एका उन्हाळ्यात उडतो.

निकाल

गुट्या जवळपास सगळ्या जगल्या. काड्यांचं मात्र व्हायचं तेच झालं, निम्म्याहून जास्त कुजल्या. रत्नागिरीला तर ऑगस्टच्या दमट हवेत एकही लागली नाही. पुण्यात आणि नाशकात ज्यांनी फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवून पाऊस ओसरल्यावर लावल्या त्यांच्या जास्त लागल्या.

काही काड्या दुसऱ्याच कारणाने गेल्या. लावल्यावर दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटून पानं येतात, माणूस खूश होतो आणि रोप मोठ्या कुंडीत हलवतो, पाणी वाढवतो. पण ती पानं काडीतल्या साठ्यावर आलेली असतात, खाली मूळ नसतंच. चार दिवसांत पानं लोंबतात आणि काडी काळी पडते. पारदर्शक ग्लासात लावल्या होत्या त्यांची मुळं डोळ्यांनी दिसत होती, त्यामुळे घाई झाली नाही आणि त्या वाचल्या.

पुढच्या उन्हाळ्याच्या फुटीत दोन रोपांच्या पानांवर तसेच चट्टे आले. दोन्ही काड्यांपासूनची, आणि लेबलवरून कळलं की एक चट्टे नसलेल्या बाजूची होती. एकाने रोप काढून जाळलं, दुसऱ्याकडे दुसरं अंजीर नाही, त्याने ठेवलंय आणि त्यातून काडी कोणाला देणार नाही असं सांगितलंय. बाकीच्यांवर अजून काही दिसलेलं नाही. आजींना त्यांचं रोप नव्या फ्लॅटच्या बाल्कनीत पोचलं, गुटीचं असल्यामुळे दुसऱ्याच वर्षी त्यावर फळं धरली, आणि साल हिरवी, गर लाल, तेच.

वेगळं काय करता आलं असतं

गुट्या जास्त बांधायला हव्या होत्या. दिवाळीची तारीख बिल्डरच्या तोंडी होती, लेखी नव्हती, आणि पूर्ण बेत तिच्यावर उभा होता. जुनं झाड जाणार असं कळलं आणि पावसाळा जवळ असेल तर आधी गुटी, काड्या नंतर, असं मी आता कोणालाही सांगेन.

रत्नागिरी-ठाण्याच्या लोकांना ऑगस्टमध्ये काड्या पाठवायलाच नको होत्या. पुण्यात एकाकडे सगळ्या रुजवून, हिवाळ्यात रोपं म्हणून पाठवता आली असती. निर्जंतुक माध्यमात, जमिनीला न टेकता वाढवलेलं रोप असेल तर सूत्रकृमीचा प्रश्न येत नाही, आमचा मुळासकट नको हा नियम मातीतून उपटलेल्या फुटव्यांपुरता होता, पण तो सरसकट सगळ्या रोपांना लावला गेला. नियम कशासाठी आहे ते त्याच्याबरोबर लिहिलं असतं तर हे टळलं असतं.

पुरंदर तालुक्यातच, जाधववाडीला, राहुरी कृषी विद्यापीठाचं अंजीर-सीताफळ संशोधन केंद्र आहे. चट्टे दिसले त्याच आठवड्यात पानांचा नमुना घेऊन तिथे विचारायला जायला हवं होतं. झाड उभं होतं तोवर ताजं पान होतं, फळ होतं, जातीबद्दलही काही कळलं असतं. आता फळ आहे पण मूळ झाड नाही.

आणि शेजारच्या काकांनी पूर्वी दिलेले फुटवे कोणाकोणाकडे आहेत त्याची यादी करायची राहिली. त्यातलं एखादं झाड मोझॅक नसलेलं असूही शकतं, आणि सूत्रकृमी असले तरी त्याच्या वरच्या फांद्यांच्या काड्या घेता येतील. ती माहिती फक्त काकांकडे आहे. ताई दिवाळीत फराळ घेऊन त्यांच्याकडे जाऊन आल्या, दोन पत्ते मिळालेत.

पुरंदरवाल्या मुलाने परवा पुन्हा विचारलं, दोन हंगाम झाले, आजींच्या रोपावर काही नाही, आता तरी काडी मिळेल का. त्याला सांगितलंय की चाचणी होईपर्यंत बांधावर लावायला नाही. टेरेसवर कुंडीत लावणार असेल तर या ऑक्टोबरच्या छाटणीत पहिली काडी त्याची.